धूर कुठं गेला ते आधी सांगा

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. २०० लिटरच्या जुन्या ऑइलच्या ड्रममध्ये काजूची टरफलं आणि उसाचा पाला घालून त्यांनी कोळसा केला, कुटून बारीक केला, आणि दोन भाग कोकोपीटला एक भाग कोळसा असं मिश्रण करून मिरचीचे ट्रे भरले. पंधरा दिवसांनी निम्म्याहून जास्त घरं रिकामी. जी रोपं आली त्यांच्या मुळांची टोकं तपकिरी. पण बेळगुंदीकडच्या ओळखीच्या एका माणसानं उघड्या खड्ड्यात केलेला कोळसा रताळ्याच्या रानात घातला, त्याचं काहीच बिघडलं नाही. "काका, कोळसा म्हणजे शेवटी कार्बनच. मग एकाचा विषारी आणि दुसऱ्याचा नाही, हे कसं? आणि घरात अजून तीन पोती पडलीत, त्यांचं काय करू?"

पोत्यांचं शेवटी सांगतो. तुम्ही लिहिलंय की जाळ वर आला, धूर "पांढराशुभ्र आणि ढीगभर" निघत होता, आणि सगळ्याची राख होऊ नये म्हणून तेवढ्यात झाकण ठेवून चारी बाजूंनी चिखल लिंपला. सकाळी उघडलं तर डांबरासारखा वास. माझं निम्मं निदान इथंच झालं. ट्रेमध्ये तुम्ही कोळशाबरोबर त्या रात्रीचा धूरही भरलात.

जरा खोलात जाऊ. लाकूड म्हणा, टरफल म्हणा, पाला म्हणा, तापायला लागलं की १०० अंशांच्या आसपास पाणी उडतं. मग ज्या तीन द्रव्यांचं लाकूड बनलेलं असतं ती फुटतात: साधारण २२० ते ३१५ अंशांत हेमिसेल्युलोज, ३१५ ते ४०० मध्ये सेल्युलोज, आणि लिग्निन मात्र १६० पासून पार ९०० पर्यंत रेंगाळत फुटत राहतं. या सगळ्यात मूळ वजनाचे दोन तृतीयांश, कधी तीन चतुर्थांश, वाफ आणि वायू होऊन बाहेर पडतात. त्या वाफेत ॲसेटिक आम्ल आहे, फॉर्मिक आम्ल आहे, मिथेनॉल, फरफ्युराल, फिनॉल, क्रेसॉल आहेत. गरम आहे तोवर ती वाफ, थंड झाली की तपकिरी आंबट पाणी आणि डांबर. जुन्या घरात चुलीवरच्या वाशांना जो चिकट काळा थर बसतो, पहिल्या पावसात कौलांतून जे काळं पाणी भिंतीवर उतरतं आणि डाग जन्मभर जात नाही, ते हेच.

आता कोळसा ही काय वस्तू आहे ते बघा. चांगल्या तापमानाला झालेल्या लाकडी कोळशाच्या एका ग्रॅमचं आतलं पृष्ठफळ शेकडो चौरस मीटर भरतं. पाण्याच्या फिल्टरमध्ये घालतात तो याचाच सुधारलेला भाऊ. तुम्ही ड्रम लिंपलात तेव्हा आत एकीकडे हा हपापलेला कोळसा, दुसरीकडे जायला वाट नसलेली वाफ, आणि रात्रभर ड्रम निवत चाललेला. वाफ जाणार कुठं? कोळशाच्या भोकाभोकांत शिरली आणि तिथंच डांबर होऊन बसली.

म्हणून कुणी मला कोळसा दाखवायला आणला की मी तापमान नंतर विचारतो. धूर कुठं गेला, हे आधी. जळून गेला, बाहेर गेला, की कोळशातच मुरला?

हे मला शहाणपणानं सुचलेलं नाही. सुरुवातीच्या वर्षांत माझीही समजूत होती की तापमान गाठलं की काम फत्ते. मी एक रिटॉर्ट करून घेतली होती. म्हणजे आत बंद ड्रम, बाहेरून जाळ, आणि आतला वायू एका पाइपातून खालच्या जाळात सोडायचा, तिथं तो जळतो. आत थर्मोकपल, म्हणजे तापमापक, बसवला, काटा ५५० अंशांवर तासभर स्थिर, मी खूश. कोळसा काळाकुळकुळीत, खणखणीत. टोमॅटोच्या चाळीस ट्रेंमध्ये घातला आणि चाळीसच्या चाळीस गेले. शोधता शोधता कळलं की पाइप दीड इंची आणि त्यात वाकण; वाकणात डांबर साचून वाट जवळजवळ बुजलेली. जळण संपून ड्रम निवायला लागल्यावर आतली उरलेली वाफ बाहेर पडलीच नाही. कागदावर माझं तापमान बिनचूक होतं. एडिनबरो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली याच दुखण्यावर बोट ठेवलं होतं: भट्टीत वाफा परत बसलेल्या कोळशानं हळिवाचं बी उगवू दिलं नाही, आणि त्याच मालाचा, पण वाफा न मुरलेला कोळसा कितीतरी सौम्य निघाला. मी आधी वाचलं असतं तर चाळीस ट्रे वाचले असते. आता माझा पाइप तीन इंची आहे, सरळ आहे, आणि जाळ विझायच्या आधी आतला वायू पूर्ण संपलाय याची खात्री केल्याशिवाय मी तोंड बंद करत नाही.

तुमच्या बाबतीत वर काजूचं टरफल आलं. त्याच्या वजनाचा साधारण पाव भाग तेल असतं, आणि ते तेल म्हणजे ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल यांच्यासारखी फिनॉल जातीची द्रव्यं. काजू फोडणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल लावून बसतात ते उगाच नाही. कातडी सोलवटते त्यानं. टरफल बाहेरून काळं आणि मोडल्यावर आत तपकिरी दिसत असेल, तर ते तेल पूर्ण फुटलेलं नाही. तुमच्या मुळांची टोकं मला त्यामुळंच भाजलेली वाटतात. पोत्यातली दहा-पंधरा टरफलं मोडून बघा. नुसत्या हातानं नको.

मग बेळगुंदीचा कोळसा का चालला? त्याची दोन कारणं आहेत आणि दुसरं कारण लोक विसरतात.

पहिलं, खड्डा. उघड्या, निमुळत्या खड्ड्यात वरून जाळ चालू असतो. खालचं जळण तापून जी वाफ सोडतं तिला वर यायला त्या जाळातूनच यावं लागतं, आणि ती तिथं जळून जाते. जाळ हाच झाकण. वरून येणारा प्राणवायूही जाळातच संपतो, म्हणून खालच्या कोळशाची राख होत नाही. स्वित्झर्लंडच्या इथाका संस्थेतल्या हान्स-पीटर श्मिट यांनी २०१४ च्या सुमारास या तत्त्वावर शंकूच्या आकाराची कोन-टिकी भट्टी पुढं आणली. आपण जमिनीत खणतो तो खड्डा म्हणजे तिचीच गरीब बहीण. आत ६५० ते ७०० अंशांपर्यंत जातं. धूर जवळजवळ नाहीच, आणि धूर नाही म्हणजे मुरायलाही काही नाही.

दुसरं कारण म्हणजे प्रमाण. त्यांनी एकरी दोन टन घातला असं धरू. एक एकर रानात वरच्या १५ सेंटीमीटर थरात सुमारे ६०० घनमीटर माती असते, आणि दोन टन कोळसा म्हणजे सात-आठ घनमीटर. शंभर भागांत एक, फार तर सव्वा भाग. तुमच्या ट्रेमध्ये शंभरात तेहेतीस! शिवाय शेतात मातीतले जिवाणू आहेत, पाऊस आहे, चिकणमाती आहे. ट्रेत कोवळ्या मुळाला पळायला दोन इंचही जागा नाही. तुमचाच खराब कोळसा तुम्ही रानात विसकटला असता तर बहुधा काही दिसलं नसतं. दिसलं नसतं म्हणजे चांगलं होतं असं मात्र नाही, कारण कोळशातलं सगळंच विष बी मारणारं नसतं.

एक विष तापट आहे: वर सांगितलेली आम्लं, फिनॉलं. बी मारतात, गांडुळांना पळवतात, पण पाण्यानं धुपतात, उन्हानं उडतात, जिवाणू त्यांना खाऊन टाकतात. काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत जोर ओसरतो. दुसरं विष थंड डोक्याचं. त्याचं नाव पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन्स, बोलताना पीएएच. या घराण्यातला सगळ्यात धाकटा आणि हलका सदस्य तुमच्या कपाटात आहे: डांबराची गोळी, म्हणजे नॅफ्थलीन. तो उडून तरी जातो. वरचे जड भाऊ, बेंझो-ए-पायरीनसारखे, कर्करोगाला कारण होतात आणि मातीत वर्षानुवर्षं राहतात. तपासताना अशी १६ द्रव्यं एकत्र मोजायची पद्धत आहे. युरोपच्या बायोचार (म्हणजे मातीत घालायचा कोळसा) प्रमाणपत्रात शेतीच्या कोळशासाठी या सोळांची मिळून मर्यादा किलोला ६ मिलिग्रॅम आहे.

सहा मिलिग्रॅम ऐकून घाबरायचं की हसायचं? हिशोब करू. एकरी दोन टन कोळसा, किलोला ६ मिलिग्रॅम, म्हणजे एकरभर १२ ग्रॅम. वजनानं तीन-चार डांबर गोळ्या, सुमारे नऊ लाख किलो मातीत. त्यातलंही बरंचसं कोळशातच घट्ट अडकून राहतं, पिकाच्या वाट्याला थोडंच येतं. चांगल्या कोळशाला मी घाबरत नाही ते म्हणून. पण धूर मुरलेल्या कोळशात हाच आकडा किलोला शंभरावर गेला, तर एकरी २०० ग्रॅम होतात, आणि आपण हे दरवर्षी घालणार.

पीएएच होतं कुठं, याबद्दल एक गैरसमज काढून टाकतो. "जितकं जास्त तापमान तितका कोळसा शुद्ध" असं सर्रास सांगितलं जातं. अर्धं खरं आहे. ३५०-४०० अंशांचा, घाईत विझवलेला कोळसा डांबरट असतो आणि ६०० च्या पुढं तो स्वच्छ होत जातो, हे खरं. पण वाफेतले छोटे तुकडे एकमेकांना चिकटून जड पीएएच तयार व्हायला भरपूर उष्णता लागते, म्हणजे गरम भट्टी ते कमी नाही, जास्तच बनवू शकते. फरक पडतो तो बनलेलं कोळशापासून दूर नेलं की नाही यानं. गॅसिफायरमधून (लाकूड तापवून जळाऊ वायू काढणाऱ्या यंत्रातून) निघणारा कोळसा म्हणूनच मी डोळे झाकून घेत नाही. तिथं तापमान ८०० असलं तरी वायू आणि कोळसा एकाच वाटेनं थंड होत असतील तर तो माल तपासल्याशिवाय शेतात नको. आणि जाळातून काळा धूर निघाला की समजायचं, हवा कमी पडते आहे आणि काजळी तयार होते आहे. काजळीत पीएएच ठासून भरलेलं असतं. काजूचं टरफल खड्ड्यात जाड थरानं टाकलं की नेमकं हेच होतं. एक बुट्टी टरफल, दोन बुट्ट्या काटक्या, असा पातळ थर द्यायचा.

थराचं तंत्र शब्दांत पकडायला अवघड आहे, तरी प्रयत्न करतो. खड्डा वर चार फूट, खाली दीड फूट, खोली तीन फूट, भिंती तिरक्या. तळाला सुक्या काटक्या रचून वरून पेटवायचं, खालून नाही. जाळ चांगला धरला की निखारे पसरायचे आणि पहिला थर टाकायचा. मग उभं राहून बघायचं. थर आधी धूर सोडतो, मग पेट घेतो, मग जाळ आखूड होतो, आणि काटक्यांच्या अंगावर राखेचा पांढरट पापुद्रा दिसायला लागतो. तो दिसला रे दिसला की पुढचा थर. आधी टाकला तर जाळ गुदमरतो आणि धूर होतो, उशीर केला तर राख होते. दोन-तीन तास हेच. शेवटच्या थराला मात्र घाई करू नका. वरचा पिवळा जाळ पूर्ण बसू द्या, निळसर छोट्या ज्वाळा राहू द्या, मगच पाणी. पाणी भरपूर, ओलं गच्च होईपर्यंत. त्या वाफेनं आणि पाण्यानं उरलंसुरलं डांबर आणि क्षार सुटतात. काळं पाणी विहिरीकडं किंवा ओढ्याकडं जाऊ देऊ नका. मालाची ओल पंधरा टक्क्यांच्या आत पाहिजे, म्हणून आपल्याकडं हे काम शिमग्यापासून धूळवाफ पेरणीच्या आधीपर्यंतच. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात जुलैत कोळसा करायला निघालेला माणूस धूरच करणार.

थर्मोकपल नसेल तर लोखंडी सळईला ॲल्युमिनियमची तार गुंडाळून निखाऱ्यात खुपसा. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. अंधारात ड्रमचा पत्रा काळसर लाल दिसायला लागला तर पत्रा ५०० च्या पुढं गेलाय. एवढी मोजणी शेतकऱ्याला पुरते.

आता ज्या विषावर भट्टीची मात्रा चालत नाही ते. धातू. माल जळून एक तृतीयांश उरतो, पण धातू बहुतेक तेवढाच राहतो, म्हणजे तिप्पट दाट होतो. निपाणी-चिकोडी भागात बिडीच्या तंबाखूच्या काटक्या मुबलक, आणि त्यांचा कोळसा करावा का असं मला दरवर्षी कुणीतरी विचारतं. तंबाखू हे जमिनीतलं कॅडमियम ओढून घेण्यात पटाईत पीक आहे. त्यातलं जास्त पानात जातं, काटकीत कमी, तरी काटकीत किलोला अर्धा मिलिग्रॅम असेल आणि कोळशाचा उतारा तीस टक्के मिळाला, तर कोळशात ते दीडच्या पुढं जातं. युरोपची शेतीसाठीची मर्यादा दीड. आपल्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला पाच चालतं, ती गोष्ट वेगळी. ६०० च्या पुढं कॅडमियम आणि जस्त काही प्रमाणात उडून धुरावाटे जातात, पण क्रोमियम, तांबं, निकेल हलत नाहीत. तंबाखूच्या काटकीचा कोळसा करायचा असेल तर पहिल्या खेपेला धातूंची तपासणी करून घ्या, पुढं त्याच रानाचा माल असेल तर पुन्हा नको.

एकदा एका कारखान्यातून पॅकिंगच्या फळ्या फुकट मिळाल्या म्हणून मी टेंपोभर आणल्या होत्या. निम्म्यांवर हिरवट झाक. ती झाक म्हणजे तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं औषध असू शकतं, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून मारलेलं. सगळ्या परत केल्या, भाडं माझ्या अंगावर. उद्यमबागसारख्या ठिकाणी अशा फळ्या आणि पॅलेट भरपूर निघतात, म्हणून सांगतो: रंग दिलेलं, पॉलिश केलेलं, प्लायवूड, हिरवट लाकूड, यातलं काही नको. पॅलेटवर एमबी असा शिक्का असेल तर त्यावर मिथाइल ब्रोमाइडची धुरी झालेली आहे. एचटी म्हणजे नुसतं तापवलेलं, ते चालतं. आणि उसाच्या पाल्यात काय काय येतं ते तुम्हाला ठाऊक आहे: मल्चिंगचा कागद, ठिबकच्या नळीचे तुकडे, औषधाच्या पुड्या. त्यात पीव्हीसीचा तुकडा असेल तर क्लोरीन आलं, आणि क्लोरीन असलेला धूर २०० ते ४५० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळला की डायऑक्सिन तयार होतं. पाला झाडून घ्या. तुमचा ऑइलचा ड्रम पहिल्यांदा रिकामा, उघडा, लाल होईपर्यंत जाळून घेतला होता का? नसेल तर पुढच्या वेळी घ्या. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तर भट्टीला नकोच.

पुढची गोष्ट विष नाही, पण लक्षणं विषासारखीच दिसतात. तापमान चढलं की राखेचं प्रमाण वाढतं आणि सामू (आम्ल-विम्लतेचा आकडा, पीएच) वर जातो. ७०० अंशांच्या कोळशाचा सामू नऊ-दहा सहज भरतो. उसाचा पाला, भाताचा पेंढा, तंबाखूची काटकी यांत पालाशही भरपूर. खानापूरच्या तांबड्या, पावसानं धुपलेल्या आंबट मातीला हा कोळसा औषध आहे, चुन्यासारखा लागू पडतो. तोच बैलहोंगलच्या काळ्या रानात घातला, किंवा अथणी-रायबागच्या क्षारपड उसाच्या पट्ट्यात घातला, तर आधीच आठच्या वर असलेल्या सामूत भर, मग लोह-जस्त अडकतं आणि पानं पिवळी. तिथं कमी तापमानाचा, ४५०-५०० चा लाकडी कोळसा आणि तोही धुऊन, असं मी सांगतो. म्हणजे "सर्वांत चांगलं तापमान" असं काही नसतं. कुणाच्या रानासाठी, हे आधी ठरवावं लागतं.

पिवळेपणाचं आणखी एक साधं कारण: अर्धवट कोळशात जिवाणूंना खाता येईल असा कार्बन उरतो, ते तो खाताना जमिनीतलं नत्र उचलतात. शेणखतात मुरवून घातला की हा त्रास जातो. आणि चांगला कोळसा अट्राझिन, मेट्रिब्युझिनही शोषतो, मग उसात-बटाट्यात तणनाशक "लागलं नाही" अशी तक्रार येते.

भाताच्या तुसाबद्दल दोन शब्द. त्यात सिलिका खूप. कोळसा मध्यम तापमानाचा असेल तर ती निरुपद्रवी रूपात राहते, पण भट्टीत खूप तापून पांढरी-गुलाबी झालेल्या राखेत तिचे स्फटिक होतात आणि ती धूळ फुप्फुसाला वाईट. चुरमुऱ्याच्या भट्टीची किंवा राइस मिलची राख आणत असाल तर काळी तेवढीच घ्या, आणि ओली करून हाताळा. कुठलाही कोळसा ओलाच कुटावा.

आता घरची परीक्षा. मी कोळशाची प्रत्येक खेप हळिवावर बघतो. हळीव कुठल्याही किराणा दुकानात मिळतो, बाळंतिणीच्या लाडवांचा तोच. जगभरच्या प्रयोगशाळाही कोळशाच्या चाचणीला हेच बी वापरतात, कारण ते दोन दिवसांत उगवतं आणि फार नाजूक असतं. चार बरण्या घ्या, प्रत्येकीला वीस-वीस दाणे. पहिलीत नुसता ओला कागद. दुसरीत तळाला मूठभर ओला कोळसा, आणि बी ओल्या कागदावर झाकणाच्या आतल्या बाजूला. भिजलेल्या हळिवाला बुळबुळीत चीक सुटतो, तो आपोआप चिकटून राहतो. झाकण घट्ट. कोळशाला बी शिवता कामा नये. तिसरीत बी थेट ओल्या कोळशावर. चौथीत तोच कोळसा तीन पाण्यांनी धुऊन, त्यावर बी. तिसऱ्या दिवशी मोजा, मुळं पट्टीनं मोजा.

दुसऱ्या बरणीतलं बी मेलं किंवा मूळ आखूड राहिलं, तर कोळशातून विषारी वाफ सुटते आहे, म्हणजे धूर मुरलेला आहे. दुसरी ठीक, तिसरी वाईट आणि चौथी ठीक, तर क्षार आणि सामूचा मामला. धुवा आणि वापरा. तिसरी-चौथी दोन्ही वाईट आणि दुसरी ठीक, तर न उडणारं काहीतरी चिकटलेलं आहे. तुमच्या टरफलांचं बहुधा असंच काहीसं निघेल, दुसरी बरणीही वाईट निघण्याची शक्यता धरून. याखेरीज साधी खूण: कोळसा हातावर चोळा आणि नुसत्या पाण्यानं धुवा. स्वच्छ गेला तर बरा, तेलकट काळा डाग राहिला आणि साबण लागला तर डांबर आहे.

हळीव एक गोष्ट सांगत नाही: पीएएच आणि धातू. बी छान उगवेल आणि तरी ते असतील. त्यासाठी प्रयोगशाळाच. पीएएचला पाठवताना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता विचारा, आणि नमुना टोल्युइन या द्रावकात काढणार का तेही विचारा. साध्या द्रावकात कोळसा ते सोडत नाही आणि तुमच्या हातात खोटा कमी आकडा पडतो. विक्रीसाठी करणार असाल तर हा खर्च टाळू नका. स्वतःच्या दोन एकरांसाठी, स्वच्छ लाकूड, बिनधुराचा जाळ आणि हळिवाची बरणी एवढ्यावर मी निभावतो.

तर तुमची तीन पोती. तशीच मातीत घालू नका, आणि पोत्यात ठासून गोठ्याच्या माळ्यावरही ठेवू नका. ताजा कोळसा हवा शोषताना आतून तापतो, पोती पेटल्याची उदाहरणं आहेत. चाळून टरफलं वेगळी काढा. काटक्यांचा खड्डा पेटवून जाळ चांगला धरल्यावर टरफलं एकेक घमेलं, वर पातळ थरात सोडा. तेल उरलेलं असेल तिथं लगेच पिवळा भडका उठेल, तो बसेपर्यंत पुढचं घमेलं नको. पाल्याचा बारीक चुरा पुन्हा भाजायला गेलात तर त्याची राखच होईल, तो उकिरड्यात शेण आणि गोमूत्राबरोबर थर देऊन ओला ठेवा आणि मधे दोनदा पलटी द्या. तीन महिन्यांनी दोन्हींची हळिवावर परीक्षा. पास झाला तर ट्रेमध्ये दहा भागांत एक भाग, त्याच्या वर नाही. ट्रेतलं आत्ताचं मिश्रणही उकिरड्यातच जाऊ द्या, आणि ट्रे धुऊन घ्या. मिरचीचं नवं बी या आठवड्यात टोकायचं असेल तर नुसत्या कोकोपीटवर टोका, कोळशाची वाट बघत बसू नका.